‘विकायची झाली तर आधी मला सांगा’: जुनं वाद्य विकताना दिलेल्या शब्दाचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा. सहा वर्षांपूर्वी तुम्ही एका वादकाकडून जुनी अकॉस्टिक गिटार घेतली. त्याला पैशांची नड होती, तुमची ओळख होती, त्यामुळे ती तुम्हाला बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त मिळाली. केस हातात देताना तो म्हणाला, ‘कधी विकायची झाली तर आधी मला सांगा,’ आणि तुम्ही ‘हो, नक्की’ म्हणालात. आता मनगटाच्या दुखण्यामुळे तुमचं वाजवणं सुटलंय. गिटारचा भाव दुप्पट झालाय आणि चांगली रक्कम द्यायला तयार असलेलं गिऱ्हाईक दारात उभं आहे. त्या माणसाला विचारायलाच हवं का, विचारलं तर कोणत्या किमतीला, किती दिवस थांबायचं आणि दारातल्या गिऱ्हाइकाला काय सांगायचं, असं तुम्ही विचारलंय.

विचारायलाच हवं. तेवढ्याचं उत्तर एका शब्दात आहे. लेखी काही नव्हतं, सहा वर्षं झाली, तो विसरलाही असेल, हे सगळं खरं असलं तरी तुम्ही विसरलेला नाहीत, नाहीतर हा प्रश्न पडलाच नसता. कोर्टात अशा तोंडी वाक्याचं काय होईल हे मी बोलत नाही. वाद्यांच्या व्यवहारात कोर्टापर्यंत कोणी जात नाही. पण वाजवणाऱ्यांचं जग लहान असतं. गिटार कुठे गेली हे त्याला वर्षभरात कळेल, आणि तुमच्याकडून नाही, दुसऱ्याच कोणाकडून कळेल.

उरलेल्या तिन्ही प्रश्नांचा घोळ एकाच ठिकाणी आहे. ‘आधी मला सांगा’ या वाक्याचे निदान तीन अर्थ होतात आणि देणारा-घेणारा बहुतेक वेळा वेगवेगळे अर्थ धरून बसलेले असतात. पहिला अर्थ नुसता कळवण्याचा: मी विकतोय, तुमच्या कानावर घातलं. दुसरा असा की बाजारात जाण्याआधी मी माझी किंमत तुम्हाला सांगेन, पटली तर घ्या, नाही पटली तर मी मोकळा. तिसरा असा की दुसऱ्या कोणी जी किंमत दिली असेल ती मी तुम्हाला सांगेन, तेवढीच दिलीत तर वाद्य तुमचं. जमिनीच्या आणि भागीदारीच्या करारांत दुसरा आणि तिसरा अर्थ वेगवेगळ्या कलमांत लिहिलेले असतात. आपण मात्र गिटारची केस बंद करता करता एका वाक्यात तिन्ही उरकतो.

जवळजवळ तीस वर्षं मी जुनी वाद्यं घेतो, दुरुस्त करतो आणि विकतो. तारांची जास्त, थोड्या हार्मोनियम, फुंकवाद्यं क्वचित. माझ्या मते अशा तोंडी शब्दाचा अर्थ दुसराच धरावा. पहिला फार कोरडा आहे. ‘विकली बरं का’ एवढं कळवून सुटता येतं असं ज्याला वाटतं त्याने ‘हो, नक्की’ म्हणू नये. आणि तिसरा अर्थ तिसऱ्याच माणसावर अन्याय करतो. विचार करा, एक गिऱ्हाईक लांबून येतं, दोन तास गिटार वाजवून बघतं, आरसा आत घालून फळीच्या आधाराच्या पट्ट्या तपासतं, चार ठिकाणचे भाव काढून नीट किंमत ठरवतं, आणि मग तुम्ही म्हणता, ‘थांबा हं, हीच किंमत जुन्या मालकाला विचारतो.’ मेहनत एकाची, वाद्य दुसऱ्याचं. आणि आपण नुसते भाव ठरवायला वापरले जाणार हे आधी कळलं, तर शहाणं गिऱ्हाईक येणारच नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा. जुन्या मालकाला विचारायचं ते जाहिरात टाकण्याआधी.

तुमच्या बाबतीत गिऱ्हाईक आधीच दारात आलंय. हरकत नाही. त्याला आजच्या आज सरळ सांगा: ‘मी एका माणसाला शब्द दिलाय, त्याला आधी विचारतोय, या तारखेपर्यंत हो-नाही कळेल. तो नाही म्हणाला तर पुढचा नंबर तुमचा.’ इसार घेऊ नका. एका वाद्यावर दोघांचा इसार घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. पैसे परत केले तरी नाव परत येत नाही. आणि त्याने सांगितलेला आकडा जुन्या मालकाला सांगू नका. दोघांना एकमेकांविरुद्ध चढवायला तो आकडा वापरायचा मोह होतो. ‘एक जण इतके द्यायला तयार आहे’ हे वाक्य खरं असलं तरी ऐकणाऱ्याला खोटंच वाटतं.

आता किंमत. खरी अडचण इथे आहे.

बरेच जण धरून चालतात की जुन्या मालकाला जुन्या किमतीतच द्यायचं असतं. तसं नाही. आधी विचारणं वेगळं, स्वस्तात देणं वेगळं. सहा वर्षं वाद्य तुम्ही सांभाळलंत, दमट हवेत केसमध्ये ओलावा धरणाऱ्या पुड्या टाकल्यात, फ्रेट (दांडीवरच्या धातूच्या पट्ट्या) घासून घेतलेत, पैसे अडकवून ठेवलेत. भाव उतरला असता तर तो तोटा वाटून घ्यायला तो आला नसता. त्यामुळे वाढलेला भाव मुळात तुमचा.

पण बाजारभाव म्हणजे कोणता? जाहिरातींत दिसणारा आकडा हा मागितलेला असतो, मिळालेला नसतो. दुकानात विक्रीला ठेवलंत तर दुकानदार विकल्या किमतीतून बऱ्याचदा १५ ते २५ टक्के कापून घेतो. स्वतः विकलंत तर फोटो, चौकशीचे वीस फोन, त्यातले पंधरा फुकट, घासाघीस, पॅकिंग, आणि पाठवल्यावर ‘बॅटरीचं झाकण सैल आहे’ अशी तक्रार. जुना मालक घेणार असेल तर यातलं काहीच होत नाही. म्हणून माझा नियम असा: सगळं वजा जाता माझ्या हातात खरोखर जे पडलं असतं, तो आकडा जुन्या मालकाला सांगायचा. तुमचं नुकसान शून्य, आणि त्याला बाहेरच्यापेक्षा चांगल्यापैकी स्वस्त. दर वेळी यावरून सुरुवात करतो आणि बहुतेक वेळा तिथेच व्यवहार मिटतो.

तुमच्या गोष्टीत मात्र आणखी एक धागा आहे, तो सोडून चालणार नाही. त्याने तुम्हाला स्वस्तात दिली होती. इथे स्वतःला विचारा, ते स्वस्त कशामुळे होतं? त्याला घाई होती म्हणून पडेल भावात द्यावी लागली, की बाहेर जास्त मिळत असताना ‘तुम्ही वाजवाल’ म्हणून दिली? पहिलं असेल तर तो बाजारच होता. (त्याच्या अडचणीतला बाजार, आणि तुम्ही त्यात घेतलीत, ही टोचणी तुमची तुम्ही बघा.) दुसरं असेल तर ती सवलत तुमच्याकडे ठेव म्हणून होती, असं मी मानतो आणि ती परत करतो. पण रकमेत नाही, प्रमाणात. त्या वेळी बाजारात १०० असताना तुम्हाला ७० ला मिळाली असेल आणि आज बाजार २०० चा असेल, तर त्याला १४० सांगा. तुमचे ७० चे १४० झाले, त्याला २०० ची वस्तू १४० ला मिळाली. दोघांपैकी कोणालाही घरी जाऊन हिशेब करताना वाईट वाटू नये, एवढंच या आकड्याचं काम.

अशा सवलतीचं जगजाहीर उदाहरण म्हणजे ब्रिटिश गिटारवादक पीटर ग्रीनची १९५९ सालची गिब्सन लेस पॉल ही इलेक्ट्रिक गिटार. फ्लीटवूड मॅक हा बँड सोडल्यानंतर, १९७०चं दशक उजाडता उजाडता, ग्रीनने ती तरुण गिटारवादक गॅरी मूरला दिली. मूरकडे तेवढे पैसे नव्हते. त्याने आपली गिब्सन एसजी गिटार विकली आणि जे आले ते ग्रीनच्या हातात ठेवले. वाद्याच्या किमतीशी त्या रकमेचा फारसा संबंध नव्हता, ते चांगल्या हातात जावं एवढाच हिशेब होता. मूरने ती तीस-पस्तीस वर्षं वाजवली, २००६ मध्ये विकली, आणि २०१४ मध्ये ती मेटॅलिका बँडच्या कर्क हॅमेटकडे आली. आता ती कोट्यवधींची वस्तू आहे. इतकी वर्षं वाजवून मग विकणाऱ्याला ‘स्वस्तात घेऊन महागात विकली’ असं म्हणता येत नाही. तीच विक्री दुसऱ्या वर्षी झाली असती तर म्हणता आलं असतं. सवलतीची ठेव वाजवण्याने हळूहळू फिटत जाते, असं मी धरतो. सहा वर्षांत तुमची अर्धी तरी फिटली असेल. म्हणून तुम्ही १४० ऐवजी १७० सांगितलेत तरी मी तुम्हाला अप्पलपोटे म्हणणार नाही.

उलट बाजूने मला बसलेला फटकाही सांगतो. एका माणसाकडून घेतलेली जाझ गिटार, कोरून घुमटाकार केलेल्या फळीची, काही वर्षांनी मी त्यालाच परत दिली, जुन्या किमतीला. त्याचा आवाज फोनवर दाटून आला होता आणि मला मोठेपणा सुचला. तीन आठवड्यांनी तीच गिटार जाहिरातीत, दुपटीहून जास्त किमतीला. फोटोतल्या केसवर मी लावलेली चिठ्ठीसुद्धा तशीच. राग त्याच्यापेक्षा स्वतःचाच जास्त आला. तेव्हापासून बाजाराखाली देताना मी एक वाक्य न लाजता बोलतो: ‘ही किंमत तुम्ही ठेवणार म्हणून आहे. दोन वर्षांच्या आत काढावी लागली तर मला याच किमतीला द्या.’ ज्याला खरंच हवी असते तो हसून हो म्हणतो. जो अडखळतो, त्याला बाजारभाव.

पैशांऐवजी बदलीही सुचवता येते, हे पुष्कळांना आठवत नाही. कॅनडाच्या रँडी बाकमन या रॉक गिटारवादकाची १९५७ ची ग्रेच गिटार १९७६ मध्ये टोरंटोच्या एका हॉटेलातून चोरीला गेली. २०२० मध्ये एका चाहत्याने इंटरनेटवरून शोधत तिचा माग जपानमधल्या एका वादकापर्यंत काढला. त्या वादकाने ती रीतसर विकत घेतलेली होती. शेवटी तशाच बनावटीची, त्याच काळातली दुसरी ग्रेच शोधून बाकमनने त्याला दिली आणि २०२२ मध्ये टोकियोत अदलाबदल झाली. तुमची गोष्ट चोरीची नाही, पण मार्ग उपयोगी आहे. मनगट दुखतंय म्हणता, तर त्या माणसाकडे नायलॉन तारांची, कमी ताणाची एखादी गिटार पडून असेल. वरचा फरक रोख. अशा बदलीत दोघांचेही आकडे बाजारभावाने धरायचे. एकाचा घरचा आणि दुसऱ्याचा बाजाराचा धरला की वाद झालाच.

किती दिवस थांबायचं? उत्तरासाठी आठवडा, हो म्हटल्यावर पैशांसाठी आणखी दोन आठवडे. तारीख लिहून. ‘बघतो, कळवतो’ला उत्तर समजायचं नाही. त्याने हप्ते मागितले तर ते वेगळं बोलणं आहे, आणि शेवटचा हप्ता मिळेपर्यंत गिटार तुमच्याकडेच राहील.

यात एक कलम लोक हमखास विसरतात. तो नाही म्हणाला. तुम्ही बाजारात गेलात. दारातलं गिऱ्हाईकही गळालं, तीन महिने काही हललं नाही, आणि आता तुम्ही किंमत पाचव्या हिश्श्याने उतरवायला तयार आहात. अशा वेळी त्याला पुन्हा विचारायला हवं. तो त्या किमतीला नाही म्हणाला होता, या किमतीला नाही. वकिलांनी लिहिलेल्या करारांतही हे असतं: नाकारलेल्या अटींपेक्षा सोप्या अटींवर दुसऱ्याला द्यायचं तर विचारणा पुन्हा. दोन-पाच टक्क्यांच्या घासाघिशीसाठी फोन करत बसू नका, पण दहा टक्क्यांच्या पुढे गेलात तर एक मेसेज टाका, या वेळी उत्तराला दोन दिवस पुरे. हे टाळलं की तो म्हणतो, ‘मला मुद्दाम चढा भाव सांगितला,’ आणि ते खोटं ठरवायला तुमच्याकडे काही नसतं.

आता वाद्याची अवस्था. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण जुन्या मालकाशी व्यवहार करताना सगळे इथेच ढिले पडतात. त्याचंच वाद्य, त्याला काय दाखवायचं? माझा अनुभव उलटा आहे. अनोळखी माणूस वाद्य बघून घेतो, जुना मालक आठवणीतलं वाद्य घेतो. तुमच्या गिटारचंच घ्या. त्याने दिली तेव्हा बाराव्या फ्रेटवर जाड तार समजा अडीच मिलिमीटर उंचीवर होती. सहा वर्षं तारांच्या ताणाने नेकचा (दांडीचा) कोन किंचित पुढे आला, ब्रिजमागची (फळीवर जिथे तारा अडकवतात त्या पट्टीमागची) फळी थोडी फुगली, तारा वर गेल्या. तुम्ही मेकॅनिककडून सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकणारी छोटी पट्टी) घासून त्या पुन्हा खाली आणल्यात. आज वाजवायला ती तशीच मऊ लागते. पण सॅडल आता ब्रिजच्या वर जेमतेम नखाएवढं उरलंय, म्हणजे पुढच्या खेपेला घासायला जागा नाही. नेक सोडवून नव्या कोनात बसवावी लागेल, आणि ते काम खर्चाचं आहे. आठवणीत जगणाऱ्या माणसाला हे दिसणार नाही. म्हणून तुम्हीच दाखवा: सॅडलचा जवळून फोटो, सहाव्या आणि पहिल्या तारेची उंची, फ्रेट किती उरलेत, कुठे तडा, कुठे डिंक. काय बदललंत तेही. मूळ खुंट्या, मूळ सॅडल, जुना पिकअप (तारांचा आवाज अँप्लिफायरला पोचवणारा भाग), जे काढून ठेवलं असेल ते पुडीत घालून सोबत द्या. त्याचे वेगळे पैसे लावू नका.

आणि शब्द दिलेल्या वाद्यात परत न फिरवता येणारे बदल करू नयेत. पिकअपसाठी फळी कोरणं, पॉलिश खरवडून नवं चढवणं, असलं काही. नव्या पॉलिशने जुन्या गिटारची किंमत निम्म्यावर येते असं आमच्या धंद्यात ढोबळ धरतात. पण किंमत बाजूला ठेवा. एका बाईंनी वडिलांची हार्मोनियम मला विकली होती, ‘काढाल तेव्हा कळवा’ म्हणून. भात्याच्या एका घडीतून हवा जात होती आणि तिथे वडिलांनी कधीतरी निळ्या चौकडीच्या शर्टाचा तुकडा सरसाने चिकटवला होता. मी भाता उघडला, कापड सोलून टाकलं, नवं कातडं लावलं. काम चोख झालं. दोन वर्षांनी ती पेटी विकली आणि बाईंना कळवायचं राहिलं. नंबर लिहिलेली चिठ्ठी बिलांच्या गठ्ठ्यात कुठेतरी होती. पुढे चार वर्षांनी त्यांचा फोन. नात शिकायला लागली होती. मी खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ‘तो निळा तुकडा अजून आहे का हो आत?’ नव्या मालकाला मी गळ घातली, पण पेटी त्याच्या हाताला बसली होती, तो नाही म्हणाला, आणि ते त्याचं बरोबरच होतं. त्याने त्यांना एकदा येऊन वाजवू दिली, तेवढं झालं. त्या दिवसापासून असा शब्द दिला की मी दोन ठिकाणी लिहितो: खरेदीच्या वहीत त्या वाद्याच्या ओळीतच, आणि एका पुठ्ठ्याच्या कार्डावर, जे केसच्या कप्प्यात राहतं. विकायला काढायचं तर कप्पा उघडावाच लागतो.

त्याच गोष्टीतून पुढचं उत्तर येतं. तुमचा शब्द नव्या मालकाला लागू होत नाही. व्यवहार झाल्यावर ‘अहो, तुम्ही विकाल तेव्हा अमक्याला विचारा’ हे त्याच्या गळ्यात मारू नका. आधी सांगून, तो राजीखुशीने घेत असेल तर ठीक. जुन्या मालकाने नंतर ‘ती कोणाकडे गेली?’ विचारलं तर नाव-नंबर परस्पर देऊ नका. नव्याला विचारा, तो हो म्हणाला तर द्या.

माणूस सापडलाच नाही तर? दोन वेगळ्या मार्गांनी प्रयत्न करा, फोन आणि मेसेज, किंवा दोघांच्या ओळखीचा एखादा वादक. दोन आठवडे थांबा. मग तुम्ही मोकळे. तो वारला असं कळलं तर शब्द त्याच्याबरोबर संपला, असं मी मानतो; पण घरच्यांना एक फोन करतो, किंमत न बोलता, फक्त वाद्य माझ्याकडे आहे आणि मी काढतोय एवढं सांगायला. अर्ध्या वेळा त्यांना नको असतं. लगेच नाही म्हणतील तर खेचू नका.

तो परदेशी गेला असेल तर लाकूड कोणतं ते आधी बघा. गिटारच्या मागच्या आणि बाजूच्या फळ्या ब्राझिलियन रोझवुडच्या असतील तर १९९२ पासून ते झाड साइट्स या दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे परवान्याशिवाय सीमा ओलांडता येत नाही. २०१७ मध्ये रोझवुडच्या वंशातल्या बाकीच्या जातीही दुसऱ्या परिशिष्टात घातल्या होत्या. २०१९च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, पण ब्राझिलियनला नाही. जुन्या गिटारमध्ये नट (नेकच्या वरच्या टोकाची, तारा टेकणारी पट्टी) किंवा सॅडल हस्तिदंताचं असेल तरी हाच पेच. कागद नसतील तर ‘पाठवतो’ असं कबूल करू नका. एरवी पाठवताना तारा थोड्या सैल करा आणि केसमध्ये नेकच्या टोकाखाली व भोवती कापड ठासून बसवा. खोकं आडवं आपटलं की पहिलं टोक मोडतं.

मेसेज कसा लिहायचा, असं सगळे विचारतात. मी असा लिहितो:

‘नमस्कार. सहा वर्षांपूर्वी तुमच्याकडून घेतलेली गिटार मी आता काढतोय, हाताच्या दुखण्यामुळे. विकायच्या आधी तुम्हाला विचारेन असं म्हणालो होतो, म्हणून आधी तुम्हालाच लिहितोय. किंमत अमुक, बाहेर यापेक्षा जास्त मिळते, तुमच्यासाठी ही धरलीय. काय काय काम केलंय आणि आजची अवस्था फोटोंसह खाली लिहिली आहे, सॅडलचा फोटो नीट बघा. हवी असेल तर पुढच्या रविवारपर्यंत कळवा. नको असेल तरी मनात काही आणू नका, एक ओळ टाका म्हणजे मी पुढे जाईन.’

शेवटचं वाक्य काढू नका. पुष्कळांना वाद्य परत नकोच असतं. ते देऊन टाकलेल्या काळाकडे पुन्हा जायचं नसतं, किंवा पैसे नसतात आणि ते सांगायचं नसतं. त्यांना नाही म्हणायला सोपी वाट हवी. तो ‘आता तेवढे जमणार नाहीत’ म्हणाला तर किंमत लगेच उतरवून त्याला कोंडीत पकडू नका; ‘ठीक आहे’ म्हणा. खरंच हवी असेल तर तो स्वतः आकडा बोलेल.

तुम्ही विचारलेलं नाही, तरी पुढच्या वेळेसाठी: कोणी ‘आधी मला सांगा’ म्हणाला आणि तुम्हाला ते पाळायचं नसेल, तर तिथल्या तिथे नाही म्हणता येतं. मी धंद्यासाठी वाद्य घेत असेन तर म्हणतो, ‘मी हे विकायलाच घेतोय. महिन्याभरात बाहेर पडेल, तेव्हा जाहिरात तुम्हालाही दिसेल.’ काही जण त्यावर विकायचंच थांबवतात. थांबू देत. आणि पाळायचं असेल तर मुदत घाला: ‘पाच वर्षांत विकली तर तुम्हाला आधी विचारेन, बाजारभावाने.’ या एका वाक्याने तुमच्या आजच्या चार प्रश्नांतले तीन पडलेच नसते.

मेसेज पाठवायच्या आधी केस रिकामी करून बघा. कप्पा, अस्तराखालची फट, नेकच्या आधाराखालची जागा. जुन्या केसमध्ये पहिल्या मालकाचं काहीतरी हटकून निघतं. मला आतापर्यंत कॅपो (दांडीवर लावायचा चिमटा), झिजलेली पिकं, पेन्सिलीने कॉर्ड लिहिलेली तिकिटाची मागची बाजू, एकदा दाराची किल्लीसुद्धा मिळाली आहे. तुमच्या गिटारमध्ये काही निघालं तर त्याचा फोटो मेसेजबरोबर पाठवा, आणि तो गिटार घेवो न घेवो, ते त्याला पोचतं करा.